पान काकू उलटतील

"वाचन कोणी केलं? त्यांचंही नाव-गोत्र घेऊ," गुरुजी म्हणाले.

मी पाटाशेजारी बसले होते. समोर चौरंगावर पोथी. आठवडाभर मोठ्यांदा वाचून घसा बसलेला. काकांनी अभिमानाने माझ्याकडे हात केला. गुरुजींनी पळीत पाणी घेतलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं. मग गोत्र विचारलं.

"गोत्र नाही," मी म्हणाले.

गुरुजी हसले. "माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. काश्यप सगळ्यांना चालतं. म्हणा."

"माहीत नाही असं नाही, गुरुजी. आम्हाला नसतंच. आम्ही बौद्ध."

गुरुजींनी पळी परत पंचपात्रात ठेवली. पाणी खाली सोडलं नाही. माझ्या गुडघ्याला टेकून एक छोटी मुलगी बसली होती, पाहुण्यांची. तिच्या आईने तिला दंडाला धरून ओढलं. "इधर आओ बेटा." आवाज चढवला नाही, काही नाही. काकू उठल्या, पदर हाताभोवती गुंडाळला आणि त्या हाताने माझ्यासमोरची पोथी उचलून नेली.

कोणी ओरडलं नाही. कोणी शिवी दिली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण लोक विचारतात, मग झालं काय एवढं? बस, एवढंच झालं. काका म्हणाले, "आधी सांगायचं होतंस." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नव्हतंत." ते म्हणाले, "असं विचारायला लागतं का?" गुरुजी दुसरीकडे बघत हळू आवाजात म्हणाले की हे वाचन धरता येणार नाही, पारायण पुन्हा करावं लागेल, आणि झाल्या प्रकाराचं पाप लागू नये म्हणून शांत करावी लागेल.

खाली ताटं मांडली होती. वाचणाऱ्याचा मान पहिला, म्हणून पहिल्या पाटाभोवती काकूंनी सकाळीच रांगोळी काढलेली. त्या पाटावर कोण बसलं मला माहीत नाही. मी वर माझ्या खोलीकडे निघाले होते, जिन्यात होते. काकू डबा घेऊन मागून आल्या. "वर जाऊन जेव हां. गरम आहे तोवर." आवाजात काळजी होती. खरी काळजी. तिचाच मला सर्वात जास्त राग आला.

डब्यात पुरणपोळी होती, घेवड्याची भाजी होती. मी ती खाल्ली. रडत खाल्ली, पण खाल्ली. सकाळपासून उपाशी होते.

आता हे सगळे कोण ते सांगते. मी लखनौच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. माहेर म्हणा, गाव म्हणा, जालना जिल्हा. नोकरी इथे लागली म्हणून इथे आले. वर्षभर एका हॉस्टेलात काढलं, मग कोणीतरी सांगितलं, विकास नगरला एक मराठी घर आहे, वरची खोली देतात. काका रेल्वेत इंजिनियर होते, मूळचे सांगलीकडचे. रिटायर झाल्यावर इथेच घर बांधून राहिले. काकू ग्वाल्हेरच्या. मुलगा बंगळूरला, तो फोनवर आईशी हिंदीत बोलतो. मराठी त्याला समजते, पण उत्तर हिंदीत.

पहिल्या दिवशी काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, चार वाक्यं बोलू दिली, आणि काकांना म्हणाल्या, "किती शुद्ध बोलते हो. आपल्यातलीच आहे." झालं. चौकशी संपली. माझं आडनाव असं आहे की ते चार जातींत सापडतं. आणि शुद्ध मराठी म्हणजे 'आपल्यातली', हे गणित त्यांनी परमुलखात इतकी वर्षं जपून ठेवलेलं. ही भाषा मला झेडपीच्या शाळेत एका मास्तरांनी छडीने आणि प्रेमाने शिकवली होती, हे त्यांच्या गणितात बसणार नव्हतं. माझ्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे, टेबलावर, दारातून दिसते. काकू ती बघून म्हणाल्या होत्या, "छान शोपीस आहे गं. आमच्या नणंदेकडेपण आहे, टीव्हीच्या बाजूला." मूर्तीपुढे मी रोज मेणबत्ती लावायची. त्यांना वाटलं असेल, लाइट जाते म्हणून.

लपवायचं म्हणाल तर मी काहीच लपवलं नव्हतं. त्यांनी बघितलं नव्हतं.

परक्या शहरात एकटी राहिलेली माणसं मला समजतील. आई गेल्यापासून फोनवर मराठी बोलायला कोणी उरलं नाही. भाऊ सकाळी फुलांचा फोटो आणि अंगठा पाठवतो, तेवढाच आमचा संवाद. कॉलेजात हिंदी, दुकानात हिंदी, ऑटोत हिंदी. चांगली गोड हिंदी आहे इथली, मला आवडते. पण संध्याकाळी दार लोटून घेतलं की तोंडात भाषा आंबून जायची. अशात खालून काकूंची हाक यायची, "ए, खाली ये ना, चाय केलीय, थालीपीठ पण लावलंय." मी दोन-दोन पायऱ्या सोडून उतरायची.

काकांच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड झाला होता, मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसायचं. ऑपरेशनने सुधारणारं नव्हतं. वाचन गेलं आणि माणूस खचला. मुलाने मोबाइलवर कुठलंसं रेकॉर्डिंग लावून दिलं. काकांना ते पटेना. म्हणायचे, मशीन थांबत नाही, श्वास घेत नाही, समोर माणूस पाहिजे. काकूंना देवनागरी येत होती, पण पोथीतली जुनी मराठी त्या हिंदीच्या चालीवर वाचायच्या आणि अडखळायच्या. मग मी वाचायला लागले. आधी पेपरातलं, मग अभंग, मग पोथी. काका डोळे मिटून ऐकायचे. एखादी ओवी आवडली की "पुन्हा" म्हणायचे.

दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह मी वाचायचा ठरला तेव्हा काका म्हणाले, बायकांनी ही पोथी वाचू नये असं म्हणतात, पण मी ते मानत नाही. केवढं मोठं मन, असं मलाही वाटलं. सप्ताह बसवायच्या आधी काकूंनी माझ्या पाळीची तारीख विचारून घेतली. मी सांगितली. त्या वेळी हसू आलं होतं. बाईच्या अंगातलं रक्त पंचांगाबरोबर ताडून बघणारी माणसं मोठ्या मनाची कशी, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. भुकेलेल्याला प्रश्न पडत नाहीत. मी मराठीची भुकेली होते.

मग तो दिवस आला, तो सांगून झाला.

त्यानंतर घर गप्प झालं. माझी पावलं जिन्यात वाजली की खालचा टीव्ही मोठा व्हायचा. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडणात निदान मराठी शब्द तरी कानावर पडले असते. थंडी पडली होती, सकाळी दहापर्यंत कोहरा हटायचा नाही. मी खोलीत एकटी बसून गॅसशी बोलायची. "पेट ना बाबा." "आता उतू जाऊ नको." स्वतःचाच आवाज ऐकून दचकायची.

कॉलेजात त्याच आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाला 'पाप आणि अशुभ' शिकवत होते. अभ्यासक्रमातच आहे ते. दरवर्षी शिकवते, छान शिकवते, पोरं खूश असतात. कुठल्या धर्मात पहिल्या माणसाने चूक केली आणि सगळी पिढी फेडते आहे. कुठे मागल्या जन्मी केलेलं या जन्मी उगवतं. कुठे लोभ, द्वेष आणि मोह हीच मुळं, बाकी फांद्या. मग वाङ्मयाकडे वळायचं. जुन्या गोष्टींत दुष्टाला सुळे असतात, नव्या कादंबऱ्यांत तो सूट घालतो, पण लेखक काहीतरी खूण ठेवतोच, म्हणजे वाचकाला कळावं.

शिकवता शिकवता मी थांबले. माझ्या मनात आलं, थालीपीठ लावून हाक मारणाऱ्या बाईची खूण कुठल्या पुस्तकात आहे? काकू दुष्ट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या होत्या. त्याच हाताभोवती त्यांनी पदर गुंडाळला. मी इतकी पानं वाचली, इतके तास शिकवले, आणि प्रेमळ माणसाच्या हातातलं पाप मला ओळखता आलं नाही.

मागच्या बाकावरून, शहराच्या टोकाला असलेल्या चिनहटहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "मैम, जो पाप पिछले जनम का है, उसका गवाह कौन है?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. कर्मसिद्धान्त साक्षीदारावर अवलंबून नाही, तो नियम आहे, वगैरे. तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. तिला पटलं नव्हतं. मलाही नाही.

दोन-चार दिवसांनी काकू वर आल्या. दारातच उभ्या. आत बोलावलं तर म्हणाल्या, "नको, गॅसवर सब्जी आहे." मग रडायला लागल्या. काका जेवत नाहीत, झोपत नाहीत. पारायण वाया गेलं, आता डोळे पूर्ण जाणार, हे त्यांच्या मनाने घेतलं आहे. गुरुजी पुन्हा वाचा म्हणाले, पण वाचणार कोण? ज्या दोन-तीन मराठी घरांत विचारलं, तिथे कोणाला सवड नाही, कोणाला वाचता येत नाही.

"तूच वाच," काकू म्हणाल्या. "आम्ही मनाने मानत नाही गं हे सगळं. फक्त त्यांच्या समाधानाला. दार लावून घेऊ, कोणाला कळणार नाही. तू उंबऱ्याच्या बाहेर बस. पोथी मी धरते. तू हात नको लावू, पान मी उलटेन."

मी हो म्हटलं.

का म्हटलं? काका आवडायचे म्हणून. ते अंधारात बसलेत हे बघवत नव्हतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, कोणीतरी मराठीत माझ्याशी बोललं म्हणून. दाराशी बसायला मिळेल, तर दाराशी. एकटेपणा माणसाला कुठवर वाकवतो ते मला त्या संध्याकाळी कळलं.

देवघराच्या उंबऱ्याबाहेर चटई होती. आत, उंबऱ्याला लागून चौरंग. चौरंगापलीकडे काकू. काका भिंतीला टेकून खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. मला वाकून, मान लांब करून वाचावं लागत होतं. पान संपत आलं की मी "हं" म्हणायचं आणि काकू पान उलटायच्या. कधी त्यांचं लक्ष नसायचं, मी पुन्हा "हं" करायची. कधी त्यांची दोन पानं एकदम उलटायची, मग त्या बोटाला थुंकी लावून ती सुटी करायच्या. त्यांची थुंकी पोथीला चालत होती. माझं कोरडं बोट चालत नव्हतं.

काकांचा चेहरा मात्र खुलला होता. माझा आवाज त्यांना हवा होता. आवाजाला जात चिकटत नाही, असं काहीतरी त्यांनी स्वतःला समजावलं असावं. किंवा समजावलंही नसेल, सोयीचं तेवढं माणूस न समजावताही करतो.

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. मला वाटलं, जमेल. सवयीने काय जमत नाही?

मग तो अध्याय आला. कोणत्या पापाने कोणता जन्म मिळतो, त्याचा. आदल्या सप्ताहात मी तो वाचला होता, मास्तरणीच्या आवाजात, अभ्यासाचा विषय म्हणून. वाचून झाल्यावर काकू "किती छान" म्हणाल्याही होत्या. त्यात सगळं रांगेने येतं. अमकं केलं तर कुत्र्याचा जन्म. तमकं केलं तर रोगी शरीर. अन्न चोरलं तर हे, गुरूला दुखवलं तर ते. आणि त्याच रांगेत, कुत्रा आणि कावळा यांच्या शेजारी, आमचं घर. आमच्या घरी जन्म घेणं हीच शिक्षा.

मी वाकून वाचत होते. मान दुखत होती. आणि माझी आई डोळ्यांपुढे आली. तिने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलं, पण पौर्णिमेला आम्हा भावंडांना आंघोळ घालून रांगेत बसवायची आणि पंचशील म्हणून घ्यायची. मी हिंसा करणार नाही. मी चोरी करणार नाही. मी खोटं बोलणार नाही. लहानपणी कंटाळा यायचा. आता लक्षात आलं, त्यातलं प्रत्येक वाक्य 'मी' पासून सुरू होतं. माझी कृती, माझी जबाबदारी, याच जन्मीची. माझ्या आईने कुणाचं अन्न चोरलं होतं म्हणून ती आई झाली आमची? तिच्या पोटी येणं ही शिक्षा होती? आणि हे मी वाचते आहे, माझ्या तोंडाने, उंबऱ्याबाहेर बसून, आणि आतली माणसं पुण्य मिळवताहेत.

पान संपलं. मी "हं" म्हटलं नाही.

काकूंनी वर बघितलं. काका म्हणाले, "का थांबलीस?"

"पुढचं पान मी उलटणार, काका."

काकूंनी पोथी स्वतःकडे ओढली. अगदी थोडी. "तसं नको ना बेटा. एवढं काय त्यात? बस, आजचं थोडंच राहिलंय."

"मग मी वाचणार नाही."

काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांना मी नीट दिसत नव्हते, म्हणून ते मान वळवून डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न करत होते. मला त्यांची दया आली. हेही सांगते. दया आली आणि तरीही मी बसून राहिले नाही.

"आम्ही तुला लेक मानलं," ते म्हणाले.

"लेकीला पान उलटू देतात, काका."

मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, भिंतीला धरून उभी राहिले. तेव्हा काकांचा आवाज चढला. पहिल्यांदाच. "अर्धवट टाकून जाऊ नको. पारायण अर्धवट सोडणाऱ्याला पाप लागतं. मोठं पाप लागतं."

"लागू दे," मी म्हणाले.

जिना चढताना मागे काकू वाचायला लागल्या. हिंदीच्या चालीवर, अडखळत, त्याच रांगेतली पुढची ओळ. मी दार लावून घेतलं.

पुढे फार काही झालं नाही. कोणाला पश्चात्ताप झाला नाही. महिनाअखेरीस मुलाचा फोन आला, हिंदीत, अतिशय सभ्य. मैडम, आप बुरा मत मानिएगा, पापा की तबीयत ठीक नहीं रहती, ऊपर वाला कमरा हमें चाहिए। मी चिनहटच्या बाजूला एक खोली घेतली. घरमालकिणीने नाव विचारायच्या आधीच मी जात सांगून टाकली. तिने क्षणभर बघितलं आणि किल्ली दिली. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. ती मराठी बोलत नाही. इथे कोणीच बोलत नाही. कारखान्यांची शिफ्ट सुटते, रस्ता भरतो, रिकामा होतो. मी स्वयंपाक करते आणि मोठ्यांदा मराठी बोलते, भिंतींना येईल तेव्हा येईल.

काकांची आठवण येते. आजही येते. तरी परत बोलावलं तर जाणार नाही.

वर्गात हा विषय यंदाही येईल. पुस्तकातलं सगळं मी शिकवीन, ते माझं काम आहे. पण शेवटी एक गोष्ट सांगेन. मागच्या जन्मीची पापं माझ्या नावावर लिहिणारे पुष्कळ भेटले, त्यांतलं एकही मी केलेलं नाही आणि एकही फेडणार नाही. एक पाप मात्र मी केलं आहे. याच जन्मी, शुद्धीवर, दोन साक्षीदारांसमोर. मी पोथी अर्धवट सोडली.

त्याचं प्रायश्चित्त मी घेणार नाही.